मार्क फाइव्ह की स्रायव्हर: आधी स्पंजची जाडी बघा
टेबल टेनिस शिकणाऱ्या पोराच्या बॅटला मार्क फाइव्ह रबर लावावं की स्रायव्हर, यावर "दोन्ही सारखेच, जे स्वस्त मिळेल ते घ्या" असं एकाने म्हटलं, ते मला पटतं. 1967चं स्रायव्हर आणि 1969चं मार्क फाइव्ह, यांच्यातला फरक शिकणाऱ्या पोराच्या हाताला कळतच नाही. पण रबराखालच्या स्पंजच्या जाडीबद्दल कुणीच बोललं नाही, आणि खरी गोम तिथेच आहे. दुकानदार बहुतेक वेळा मॅक्स, म्हणजे सगळ्यात जाड स्पंज, पुढे करतो. त्यावर साधा ब्लॉकसुद्धा (नुसती बॅट धरून चेंडू परतवणं) टेबलाबाहेर जातो आणि पोरगं घाबरून फटका आखडतं घेतं. टॉपस्पिन (चेंडूला पुढे फिरकी देणारा फटका) नीट बसेपर्यंत दोन्ही बाजूंना 1.8, फार तर 2.0 मिमीच लावा.

आणखी एक, आपल्या जळगाव-भुसावळकडचा उन्हाळा धरून चाला. मे महिन्यात पारा 45च्या आसपास जातो, तेव्हा बॅट गाडीच्या डिकीत अजिबात ठेवू नका. हरिकेन थ्रीसारखं चिकट रबर इथल्या धुळीत लगेच पांढुरकं होतं आणि चेंडू घसरायला लागतो. खेळून झालं की रबर ओल्या स्पंजने पुसा, वर प्लास्टिकची पातळ फिल्म चिकटवा. अधूनमधून चेंडू रबरावर दाबून घासून बघा: कडेला धरतो पण मधे सटकतो, म्हणजे रबर बदलायला झालं.