पोस्टग्रेस (डेटाबेस सर्व्हर) सिग्नल ९ ने, म्हणजे सक्तीने मारला जाऊन, पडतोय. ह्यूज पेजेस (मेमरीची ४ केबीऐवजी २ एमबीची पानं) लावल्यापासून रॅम पुरेना

प्रश्न
पोस्टग्रेस १५, लिनक्स, रॅम ६४ जीबी, स्वॅप २ जीबी. शेअर्ड बफर्स (सगळ्या प्रोसेसची सामायिक डेटा कॅश) १६ जीबी, वर्क मेम (क्वेरीतल्या सॉर्टसारख्या एका कामाची मेमरी) ३२ एमबी, पूलची ४०० कनेक्शन्स कायम उघडी. १६ जीबीला २ एमबीने भागून एनआर_ह्यूजपेजेस (कर्नलने राखून ठेवायच्या ह्यूज पेजेसची संख्या) ८१९२ केलं. पोस्टग्रेसचं ह्यूज_पेजेस सेटिंग ‘ट्राय’वरच (मिळाली तर वापर) आहे. रात्रीचे रिपोर्ट सुरू झाले की ओओएम किलर (रॅम संपली की प्रोसेस मारणारा कर्नलचा भाग) एक प्रोसेस मारतो आणि सगळीच कनेक्शन्स तुटतात. आधी हे होत नव्हतं. मेमइन्फोत (कर्नलचा मेमरीचा हिशोब) ह्यूज पेजेस टोटल ८१९२, फ्री ८१९२, रिझर्व्हड ०, पेजटेबल्स (कुठलं पान रॅममध्ये कुठे आहे याच्या नोंदी) ११ जीबी.

उत्तर १
सगळी गोम ‘फ्री ८१९२, रिझर्व्हड ०’ मध्ये आहे. पोस्टग्रेसने एकही ह्यूज पेज घेतलेलं नाही.

शेअर्ड मेमरी म्हणजे नुसते शेअर्ड बफर्स नव्हेत. दर ८ केबी बफरमागे ६४ बाइटचा डिस्क्रिप्टर (त्या बफरची माहिती) असतो. तुमच्याकडे तेवढ्याचेच १२८ एमबी होतात. शिवाय हॅश टेबल, लॉक टेबल, वॉल (बदलांचा लॉग) बफर्स. म्हणजे ८१९२ पानं कमीच पडणार. ‘ट्राय’ असल्यामुळे पोस्टग्रेस मुकाट्याने ४ केबीच्या पानांवर गेला. आता १६ जीबी ह्यूज पेजेसमध्ये अडकून पडलेत, ते दुसऱ्या कशालाच मिळत नाहीत. बफर्सचे १६ जीबी उरलेल्या ४८ मधून जातायत.

पेजटेबल्सचा हिशोबही जुळतो. १६ जीबीची ४ केबीने ४१,९४,३०४ पानं, प्रत्येकी ८ बाइटची नोंद, म्हणजे एका कनेक्शनला ३२ एमबीपर्यंत. गुणिले ४००. ह्यूज पेजेसवर हाच आकडा कनेक्शनमागे ६४ केबी असतो.

चालू सर्व्हरवर ‘शो शेअर्ड_मेमरी_साइझ_इन_ह्यूज_पेजेस’ चालवा, नेमका आकडा मिळेल. त्यावर १०–२० पानं जास्त धरून सिसकंट्रोलच्या (कर्नल सेटिंग्जच्या) फाइलमध्ये एनआर_ह्यूजपेजेस म्हणून घाला आणि मशीन रीबूट करा. चालू मशीनवर रॅमचे तुकडे झालेले असतात, मागितलेली पानं पूर्ण मिळत नाहीत. आणि ह्यूज_पेजेस ‘ऑन’ करा, कृपा करून ‘ट्राय’ ठेवू नका. पानं कमी पडली तर सर्व्हर सुरूच होणार नाही, पण ते सकाळी तुमच्या डोळ्यांसमोर कळेल.

उत्तर २
एक प्रोसेस मेली तर सगळी का तुटतात: सिग्नल ९ ने मेलेली प्रोसेस शेअर्ड मेमरी अर्धवट लिहून गेली असू शकते, म्हणून पोस्टमास्टर (पोस्टग्रेसची मुख्य प्रोसेस) सगळ्यांना बंद करून रिकव्हरी चालवतो.

कर्नलचं ओव्हरकमिट_मेमरी २ करा, म्हणजे तो ठरलेल्या मर्यादेपलीकडे मेमरी देणार नाही. मग रॅम संपली की त्या एका क्वेरीला ‘आउट ऑफ मेमरी’ मिळतं. मात्र ओव्हरकमिट_रेशो (त्या मर्यादेची टक्केवारी) मुळात ५० असतो आणि तो ह्यूज पेजेस वगळून उरलेल्या रॅमवर लागतो. तुमच्याकडे ४७ च्या निम्मे अधिक स्वॅप, म्हणजे जेमतेम २६ जीबी. ८० करा.

प्रश्नकर्ता
आकडा ८३९१ आला. ८४१० लावून रीबूट केलं, ‘ऑन’ केलं. पेजटेबल्स ४०० एमबीच्या खाली. ट्रान्सपरंट ह्यूज पेजेसही (कर्नल स्वतःहून जुळवतो ती मोठी पानं) बंद करायचे का?

उत्तर १
हो, ‘नेव्हर’ करा. नाव सारखं असलं तरी ती यंत्रणा वेगळी आहे. शेअर्ड बफर्सना तिचा उपयोग नाही, उलट पानं जुळवताना कर्नल मधेच अडखळतो.

पुढे शेअर्ड बफर्स किंवा मॅक्स_कनेक्शन्स वाढवाल तेव्हा आकडा पुन्हा काढा. सर्व्हर बंद असेल तर ‘पोस्टग्रेस’ कमांडला मोठ्या ‘सी’चा पर्याय देऊन हेच नाव विचारता येतं.