मदत हवी आहे: काडेचिराइताच्या (कालमेघ) अर्कातून टॅनिन (वनस्पतीतलं तुरट द्रव्य) कसं काढावं?

नमस्कार मंडळी. खानापूरकडच्या काडेचिराइताची पानं सावलीत वाळवून ७० टक्के इथेनॉलमध्ये १:१० प्रमाणात अर्क काढलाय. डेंग्यू विषाणूच्या दुसऱ्या प्रकारावर (डेंग्यू-२) त्याचा परिणाम व्हेरो पेशींत (प्रयोगशाळेत वाढवलेल्या माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशी) प्लाक, म्हणजे विषाणूनं पेशी मारून पाडलेले ठिपके, मोजून बघतोय.

अर्क आणि विषाणू तासभर एकत्र ठेवून मग पेशींवर घातले, तर प्लाक जवळजवळ दिसतच नाहीत. विषाणू पेशीत शिरल्यावर, दोन तासांनी अर्क घातला तर काहीच फरक नाही. या झाडातलं मुख्य कडू द्रव्य, शुद्ध अँड्रोग्राफोलाइड (३.५ मिग्रॅ १ मिली डीएमएसओ या द्रावकात, म्हणजे १० मिलिमोलर) मात्र उशिरा घालूनही काम करतं. म्हणजे अर्कातला परिणाम टॅनिनचा असावा: ते प्रथिनांना, विषाणूच्या कवचालाही, सरसकट चिकटतं. याला औषधी गुण म्हणणं चूकच.

एमटीटीचाही (जिवंत पेशी रंगावरून मोजायची चाचणी) भरवसा वाटत नाही. पॉलिफेनॉल (टॅनिन ज्यात मोडतं तो गट) पेशींशिवायच एमटीटी रंगाचं जांभळं फॉर्मझान करतात, जे एरवी जिवंत पेशी करतात, त्यामुळे मेलेल्या पेशी जिवंत भासतात आणि सीसी-५० (निम्म्या पेशी मारणारी मात्रा) फुगतं. पेशीविरहित कप्पे ठेवलेत, डीएमएसओ ०.५ टक्क्याच्या आत आहे.

विचारायचं ते असं: पीव्हीपीपीनं (टॅनिन धरून ठेवणारी, न विरघळणारी भुकटी) टॅनिन काढताना अँड्रोग्राफोलाइडही अडकतं का? १०० मिग्रॅ अर्काला किती पीव्हीपीपी, किती वेळ हलवायचं? की सरळ क्लोरोफॉर्म-पाणी विभाजन बरं? एमटीटीऐवजी न्यूट्रल रेड (जिवंत पेशी शोषून घेतात तो रंग) कुणी वापरलंय का?

आणि एक विनंती, हे वाचून डेंग्यूच्या रुग्णाला कुणी काढा पाजू नये. हे फक्त पेशींवरचं काम आहे.