लेकीची पहिली गाडी: विमा कोणाच्या नावावर, आणि अडीच लाखांत काय घ्यावं?

लोकमान्यनगरची_आई

नमस्कार मंडळी. इंदूरचं कोणी असेल तर उत्तम, नसलं तरी सांगा.

धाकटीला अठरा पूर्ण व्हायला दोन महिने दहा दिवस आहेत. दिवस ती मोजते, मी नाही. कॉलेज राऊच्या पलीकडे, जायला एक बस आणि एक ई-रिक्षा. ह्यांची स्विफ्ट ह्यांच्याबरोबर ऑफिसला जाते, म्हणून तिच्यासाठी सेकंडहँड बघतोय. बजेट अडीच लाख, ओढूनताणून पावणेतीन.

माझा मामेभाऊ न्यू जर्सीत असतो. त्याचा मुलगा गाडी शिकला तेव्हा पॉलिसीत त्याचं नाव घालावं लागलं आणि हप्ता एकदम चढला. तो म्हणतो, आधी विम्याचं बघ, मग गाडीचं. इथल्या एजंटला विचारलं तर तो हसला. म्हणे, "दीदी, यहाँ कुछ नहीं लगता." खरंच काही लागत नाही का?

सासऱ्यांची इच्छा आहे की गाडी नातीच्याच नावावर व्हावी, अठराव्या वाढदिवसाची भेट म्हणून.

आणि एक गोष्ट, लिहू की नको असं झालंय. हे तिला रविवारी पहाटे साडेपाचला सुपर कॉरिडॉरवर नेतात. स्विफ्ट तिच्या हातात. "रस्ता रिकामा असतो, काय होतंय?" ते दोघं परत येऊन पोहे खाईपर्यंत माझा जीव टांगणीला असतो.

भंवरकुआं_भिया

ताई, निम्मं इंदूर सुपर कॉरिडॉरवरच शिकलंय, मी पण. जास्त टेन्शन घेऊ नका. गाडी घ्यायची तर अल्टो घ्या, डोळे मिटून. बाकी सगळे खर्च वाढवून राहिलेत.

निवृत्त_सर्व्हेयर

भिया, आपण शिकलो म्हणजे वाचलो, एवढाच त्याचा अर्थ.

ताई, मी शेवटच्या गोष्टीपासून सुरू करतो, कारण बाकीच्या दोन्ही फक्त पैशांशी संबंधित आहेत. रविवार बंद करा. अठराच्या आत चारचाकीचं लर्निंगसुद्धा निघत नाही, त्यामुळे "शिकतेय" म्हणायला जागाच नाही. 2019च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात 199अ कलम आलं. अल्पवयीन मुलाच्या हातून गाडीवर गुन्हा घडला तर पालक किंवा मालक दोषी: तीन वर्षांपर्यंत कैद, 25,000 रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन नाही. तुमची लेक दोन महिन्यांच्या घाईपायी सात वर्षं पणाला लावतेय. स्विफ्टचं नुकसान कंपनी देणार नाही हे वेगळंच. कोर्टाने सांगितलं म्हणून समोरच्याला भरपाई दिली, तरी ती मालकाकडून वसूल करते.

"मी चालवत होतो असं सांगू" हे प्रत्येक बापाच्या मनात असतं. मी मोटार क्लेमच्या सर्व्हेत आयुष्य काढलं, म्हणून एक सांगतो. बायपासजवळ एक गाडी खांबावर गेलेली. फॉर्मवर वडिलांचं नाव, सोबत त्यांच्या लायसनची झेरॉक्स. माणूस सहा फुटी. मी दार उघडलं तर सीट पार पुढे ओढलेली, पाठीला उशी, आतला आरसा खाली वळवलेला. म्हटलं, साहेब, जरा बसून दाखवा. गुडघे स्टिअरिंगला अडले. ते उतरले आणि गप्प उभे राहिले. मुलगा ओट्यावर बसला होता, कपाळाला पट्टी. क्लेम तर गेलाच, पण त्या मुलाचा चेहरा मला अजून दिसतो.

आता पैशांचं. तुमच्या भावाचं त्याच्या जागी बरोबर आहे, तिकडे चालकाचं वय बघतात. आपल्याकडे विमा गाडीचा असतो. थर्ड पार्टीचा, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीच्या विम्याचा, दर इंजिनाच्या सीसीवर: जून 2022च्या दरपत्रकात 1000 सीसीपर्यंत 2,094 रुपये, त्यावर 1500पर्यंत 3,416, जीएसटी वेगळा. स्वतःच्या नुकसानीचा हप्ता गाडीची किंमत, वय, सीसी आणि झोन यांवर. पुणे-मुंबई झोन अ, इंदूर झोन ब, म्हणून पुण्याच्या नातेवाइकांचे आकडे मनावर घेऊ नका. लेकीचं वय यात कुठेच नाही. एजंट हसला ते एवढ्यापुरतं खरं.

पण पॉलिसीतलं चालकाचं कलम त्याने वाचून दाखवलं नसणार. लर्निंगवाल्याला विमा लागू आहे, मात्र केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम 3 पाळला तरच. म्हणजे पुढे-मागे 18 सेंटिमीटर चौरस पांढऱ्या पाटीवर लाल "एल", आणि शेजारी चालू लायसनवाला माणूस, तोही गाडी थांबवता येईल असा बसलेला. मागच्या सीटवर मोबाइल बघणारा काका चालत नाही. लर्निंग सहा महिने चालतं, तीस दिवसांनी पक्क्याचा अर्ज करता येतो. ते महिने एकटीने कॉलेजला जाणं म्हणजे विम्याबाहेर जाणं.

गाडी नातीच्या नावावर आत्ता नको. मालक-चालकाला पंधरा लाखांचं अपघाती संरक्षण असतं, पण त्यासाठी मालकाकडे लायसन हवं. तिचं पक्कं होऊ द्या. आजोबांना म्हणावं, चावी नातीच्या हातात द्या, कागद नंतर बघू.

लोकमान्यनगरची_आई

काका, सीटचं वाचून अंगावर काटा आला. आमचे हेही जवळजवळ सहा फुटी आहेत, आणि ती पाच फूट एक इंच.

दोन विचारते. ह्यांच्या स्विफ्टवर पन्नास टक्के नो क्लेम बोनस आहे, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, तो नव्या गाडीला लागेल का? आणि जुन्या गाडीला नुसता थर्ड पार्टी पुरेल का?

निवृत्त_सर्व्हेयर

बोनस माणसाचा असतो, पण एका वेळी एकाच गाडीवर. स्विफ्ट विकली तर तो घेऊन पुढे जाता येतं, ठेवली तर दुसरी गाडी शून्यापासून.

नुसता थर्ड पार्टी नको, निदान पहिली दोन वर्षं. त्यात गाडीचं तर नाहीच, आत बसलेल्या मैत्रिणींचंही काही नाही. मैत्रिणी तर बसणारच. पूर्ण पॉलिसी घ्या आणि ओरखड्यांचा क्लेम मात्र करू नका. चार हजारांचा बंपर धरा: प्लास्टिक म्हणून निम्मे घसाऱ्यात गेले, त्यातून हजाराची सक्तीची वजावट, हाती हजार. बदल्यात साठलेला बोनस शून्यावर. बंपर खिशातून करा, विमा मोठ्या मारासाठी ठेवा.

महूनाका_गॅरेज

काकांनी कागदाचं सांगितलं, मी लोखंडाचं सांगतो. लहान गाड्याच जास्त बघतो.

डोळे मिटून अल्टो घेऊ नका, वर्ष बघून घ्या. जुन्या मॉडेलांनाही एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) एप्रिल 2019पासून आणि ड्रायव्हरची एअरबॅग जुलै 2019पासून सक्तीची झाली. त्याआधीच्या बेस मॉडेलात पुष्कळदा दोन्ही नसतं. शिकाऊ पोरीला मी 2019च्या उत्तरार्धातलीच गाडी देईन, भले थोडी जास्त चाललेली असो. अल्टो 800चं इंजिन 796 सीसी, छोटी क्विड 799, सेलेरिओ 998, सगळ्या स्वस्त थर्ड पार्टीत बसतात. सँट्रो चांगली गाडी, पण 1086 सीसी, म्हणजे वरचा दर. तेवढ्यासाठी सोडू नका, फक्त हिशोबात धरा. स्वस्त मिळते म्हणून जुनी डिझेल घेऊ नका, कॉलेजच्या रनिंगला परवडत नाही. पंधरा वर्षांच्या जवळ आलेली तर नकोच, नोंदणी नव्याने करायलाच 5,000 आणि फिटनेसचे हेलपाटे.

बघायला सकाळी जा, न सांगता. आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम असलं तर मालकाने आधीच स्टार्ट करून ठेवलीय, थंड इंजिनची खरखर तुम्हाला ऐकूच येणार नाही. मग सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. पाण्यात बुडालेल्या गाडीचे कार्पेट बदलतात, सीट धुतात, पण बेल्टच्या आतल्या टोकाला मातीची रेघ राहते. पॅडलचं रबर झिजून गुळगुळीत आणि मीटर सांगतोय तीस हजार, तर मीटर खोटं बोलतोय.

एक माझंच सांगतो. भाच्यासाठी गाडी घेतली, आरसी आमच्या नावावर झाली, पॉलिसी जुन्या मालकाच्या नावावर राहिली. बघू पुढच्या आठवड्यात, असं करता करता महिना गेला. तिसऱ्या रविवारनंतर कधीतरी गाडी डिव्हायडरवर चढली. कंपनीने नुकसान नाकारलं. चौदा दिवसांत पॉलिसी बदलून घ्यायला हवी होती, चूक आमचीच. बेचाळीस हजार गेले, आणि गॅरेजवाला मी स्वतः.

भंवरकुआं_भिया

मी अल्टोवर ठाम आहे. पण बॉनेटवर हात ठेवायचं लक्षात ठेवीन.

लोकमान्यनगरची_आई

सगळ्यांचे आभार. ठरलं ते असं: वाढदिवसाला लर्निंगचा अर्ज, मग महिनाभर ड्रायव्हिंग स्कूलच्या दोन ब्रेकच्या गाडीत, गाडीची खरेदी त्यानंतर. नाव माझं. कपाटातून माझं 2009चं लायसन काढलं, तारीख अजून चालू आहे. फोटो बघून लेक पाच मिनिटं हसली आणि मग म्हणाली, शेजारी तूच बस, बाबा ओरडतात. म्हणजे आता मलाही दोन दिवस हात बसवायला लागणार.

ह्यांना सीटची गोष्ट मोठ्याने वाचून दाखवली. काही बोलले नाहीत. रात्री पाणी प्यायला उठले तेव्हा बघितलं, रविवारचा साडेपाचचा अलार्म काढून टाकलाय.