मदत हवी आहे: पीव्हीसी पाइप काचेसारखा तडकतोय

चारकोपचा_गाळा: चार दिवस झाले, सगळा माल रिजेक्ट. पाइपला आतून बारीक फोड, आणि हातोडी मारली की काचेसारखा तडकतो. बॅरलचं, म्हणजे पावडर वितळते त्या नळकांड्याचं, टेंपरेचर वाढवलं तर पिवळी रेघ येते. याच मशीनवर मे महिन्यापर्यंत माल एक नंबर निघत होता. पार्टी डोक्यावर बसलीये, लवकर सांगा.

स्क्रूढिला: बॅरलमध्ये सिंगल स्क्रू की ट्विन? पावडरचा फॉर्म्युला काय? नुसतं ‘तडकतो’ म्हणालात तर आम्ही काय पत्रिका बघायची?

चारकोपचा_गाळा: ट्विन. फॉर्म्युला नेहमीचाच.

दाणेवाला: दाणे सुकवायचा हॉपर ड्रायर लावा. आमच्या नायलॉनला ८० डिग्रीला चार तास देतो, फोड बंद.

डायकाका: अहो, तुमचे दाणे, त्यांची पावडर. पीव्हीसी रेझिन पाणी फारसं धरत नाही, कॅल्शियम पावडर पावसाळ्यात धरते. हॉट मिक्सरमधून माल किती डिग्रीला उतरवता? बॅरलच्या व्हेंटमधून वाफ ओढणारा व्हॅक्यूम चालू आहे ना?

चारकोपचा_गाळा: आधी ११५ला उतरवायचो, आता ९०ला. बॅच लवकर निघते, लाइट बिल वाचतं. व्हॅक्यूम पंप दुरुस्तीला गेलाय. एवढ्याशा पाइपाला तो लागतो का?

डायकाका: हे आता सांगताय! ९०ला पाणी कुठे जाणार? मिक्सरमध्ये नाही गेलं, व्हेंटमधून नाही गेलं, मग पाइपातच फोड होऊन बसणार.

शिसंनको: पीव्हीसी जळू नये म्हणून टाकता तो स्टॅबिलायझर कुठला? शिशाचा असेल तर २०२१चे नियम वाचा, पाइपातल्या शिशावर बंधन आहे.

स्क्रूढिला: त्यांनी ते विचारलंय का? ठिसूळपणाचं बोला. वॅक्स किती टाकता?

चारकोपचा_गाळा: मोटर लोड घेत होती म्हणून पॅराफिन वॅक्स दुप्पट केलं. ॲम्पिअर मस्त खाली आले.

स्क्रूढिला: तेच तर! वॅक्सचा लेप बसला की कण एकमेकांवरून घसरतात, चिरडून एकजीव होत नाहीत. मोटरला आराम, पाइप कच्चा. तुकडा अर्धा तास मेथिलीन क्लोराइड या सॉल्व्हंटमध्ये बुडवा, फुगून सुटला तर जेलेशन, म्हणजे कण एकजीव होणं, झालेलं नाही. हातमोजे घाला, पंख्यासमोर करा.

डायकाका: कॅल्शियम स्टिअरेट वाढवा, जेलेशन लवकर होतं.

स्क्रूढिला: एकटं असेल तर, काका. पॅराफिनबरोबर ते उलट जास्त घसरवतं. आधी वॅक्स जुन्या मापावर आणा, बाकी काही हलवू नका.

भाड्याने: चारकोपला ५०० फुटांचा गाळा मिळेल का?

चारकोपचा_गाळा: ११५ला उतरवलं, कूलरमध्ये ४५पर्यंत गार केलं, वॅक्स जुन्या मापावर. पंप शेजारच्या गाळ्यातून उसना आणला. फोड गेले. हातोडी तीनदा झेलली, चौथ्यांदा चीर.

डायकाका: पहिल्या तासाचा माल धरू नका, बॅरलमध्ये जुनी पावडर असते. कॅल्शियमची पोती कुठे ठेवता?

चारकोपचा_गाळा: शटरजवळ. लादीवरच.

डायकाका: आणि पाणी गेल्या आठवड्यात कुठपर्यंत आलं होतं?

चारकोपचा_गाळा: … पोत्यांच्या दुसऱ्या थरापर्यंत.