मदत हवी आहे: १३४ मोठे की ४९? (आइस हॉकी)

नमस्कार मंडळी. विषय देवगडच्या माणसाला न शोभणारा आहे, पण हसू नका. बर्फाशी माझा संबंध बंदरावर मासळीच्या पेट्यांत घालतात तेवढाच.

भाचा कॅनडात असतो. त्याने घरातल्या घरात एक पैज लावली आहे. एनएचएल म्हणजे तिकडची आइस हॉकीची सर्वांत मोठी लीग, तिच्यात नव्याने येणाऱ्या पोरांपैकी एकेक निवडायचा आणि पुढचे तीन मोसम त्याचे गोल आणि असिस्ट (दुसऱ्याच्या गोलला दिलेला पास) मोजायचे. मी हरलो तर तो मे महिन्यात येईल तेव्हा पाच डझनी हापूसच्या दोन पेट्या. तो हरला तर मला मेपल सिरपची बाटली. (सौदा कुणाच्या फायद्याचा आहे ते मला कळतं, पण भाचा आहे.)

रविवारी निवड करायची आहे आणि मी दोन नावांत अडकलोय.

मायकेल मिसा: सेंटर (मधला आक्रमक), जन्म फेब्रुवारी २००७. २०२४-२५ मध्ये ओएचएल नावाच्या लीगमध्ये सॅगिनॉ संघाकडून ६५ सामन्यांत ६२ गोल, ७२ असिस्ट, म्हणजे १३४ गुण. २०२५ च्या ड्राफ्टमध्ये (एनएचएलचे संघ नवी पोरं क्रमाने निवडून घेतात तो) सॅन होजे संघाने दुसऱ्या क्रमांकावर घेतला.

इव्हान देमिदोव: विंगर (कडेचा आक्रमक), जन्म डिसेंबर २००५. त्याच मोसमात रशियाच्या केएचएलमध्ये, तेही नेमके ६५ सामने, पण गुण ४९. मॉन्ट्रियलने २०२४ मध्ये पाचव्या क्रमांकावर घेतलेला.

आकडे बघून मी मिसाच्या नावावर बोट ठेवलं. भाचा फोनवर नुसता हसला. "मामा, पेट्या बांधायला घ्या," म्हणाला. तेव्हापासून झोप नाही.

मोहोर बघून कलमाचा अंदाज बांधायला सांगा, बांधतो. तुडतुडा किती, थंडी कधी पडली, गेल्या वर्षी कलम किती लागलं होतं, हे सगळं धरून. इथे नेमकं काय धरायचं तेच कळत नाही. कुणी जाणकार आहे का?

प्रतिसाद १

काका, आपल्याकडची कबड्डी आठवा. कुमार गटात एका चढाईत तिघांना बाद करणारा पोरगा खुल्या गटात गेला की पहिल्याच पकडीत कळतं त्याला काय ते. ओएचएल म्हणजे कुमार गट, साधारण सोळा ते वीस वर्षांची पोरं. केएचएलमध्ये दाढीवाले बाप्ये खेळतात. त्यांच्यात एकोणीस वर्षांच्या पोराने ४९ गुण काढले, आणि काही सामन्यांत त्याला धड बर्फावर उतरूही देत नव्हते. भाचा त्यालाच हसला असणार.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाशी अर्धा सहमत. तुलना करायची तर एकाच वयाची, एकाच गटाची करा ना. देमिदोव २०२३-२४ मध्ये रशियाच्या कुमार लीगमध्ये खेळला: ३० सामने, ६० गुण. सामन्याला बरोबर २. मिसाचे १३४ भागिले ६५ केले तर २.०६ येतात. दोघांनीही ते मोसम सतरा-अठराच्या वयात खेळलेत. दोन्ही लीग तंतोतंत एका तोलाच्या नाहीत हे खरं, पण तुम्हाला जी प्रचंड दरी वाटत होती ती मुळात नाहीच. २०२४-२५ मध्ये देमिदोवने पुढची पायरी चढून दाखवली, मिसा तेव्हा कुमार गटातच होता, इतकाच फरक.

ड्राफ्टमधल्या क्रमांकावर मात्र जाऊ नका. नेल याकुपोव २०१२ चा पहिला, पहिल्या मोसमात १७ गोल मारले आणि पुढे विझला. लेन हटसन २०२२ चा ६२ वा, अंगाने लहान म्हणून मागे राहिलेला. २०२४-२५ मध्ये बचावपटू असून ६६ गुण काढले आणि नवोदितांची कॅल्डर ट्रॉफी नेली.

धागाकर्ता

भागाकार केला असता तर झोप तरी लागली असती. दोघांचे आभार.

एक शंका उरली. आमच्या पैजेत फक्त गुण मोजतात, बचावाला शून्य किंमत. मग सोबत कोण खेळतो यालाच महत्त्व ना? सॅन होजेत सेलेब्रिनी हा २०२४ च्या ड्राफ्टमधला पहिला आधीच सेंटरला बसलाय, म्हणजे मिसाला दुसऱ्या फळीत जावं लागेल.

प्रतिसाद २

किंवा त्याच्याच बाजूला विंगवर, मग चांदी. पण ते प्रशिक्षकाच्या हातात. देमिदोव एप्रिल २०२५ मध्ये मॉन्ट्रियलकडून पहिला सामना खेळला तेव्हा पहिल्याच सत्रात एक गोल, एक असिस्ट. एका सामन्यावरून काही ठरत नाही, पण बर्फावर भांबावला नाही एवढं दिसलं. तीनच मोसमांची पैज असेल तर मी तोच घेईन. दहा वर्षांची असती तर विचार केला असता.

धागाकर्ता

ठरलं, देमिदोव. आता नवीन घोळ: रविवारी पहिली निवड कुणाची यासाठी नाणं उडवायचं आहे, आणि नाणं भाचा तिकडे व्हिडिओ कॉलवर उडवणार. यावर काही उपाय?