बाळ नजर देतंय म्हणून थांबू नका

मोबाईलच्या फोटोवरून कमी दिवसांच्या बाळाच्या डोळ्यांतल्या पडद्याच्या आजाराचं (आरओपी) निदान कसं होणार, ही शंका रास्त आहे. पण फोन स्वतः निदान करत नाही. थेंब टाकून बाहुली मोठी करतात, २० डायॉप्टर ताकदीचं भिंग धरून फोनच्या फ्लॅशच्या उजेडात पडद्याचा व्हिडिओ घेतात. तो रेटिनातज्ज्ञ बघतो. कडेचा भाग निसटू शकतो, म्हणून संशय आला की प्रत्यक्ष तपासणी हवीच.

माझी भाची ३१व्या आठवड्यात झाली, १३०० ग्रॅमची. तपासणीसाठी हिंगोलीहून छत्रपती संभाजीनगर गाठेपर्यंत बहिणीचा हात तिच्या टोपीवरून हलला नाही. मोबाईलवरची ही सोय जवळ असती तर तेवढी फरफट वाचली असती.

३४ आठवड्यांआधीचं किंवा २ किलोच्या आतलं बाळ असेल तर जन्मापासून ३० दिवसांच्या आत डोळे तपासाच. २८ आठवड्यांआधीचं असेल तर २-३ आठवड्यांतच. सुरुवातीला बाहेरून या आजाराचं काहीच कळत नाही.