बॅकएंडमधून कंटेनर हलवला म्हणजे गुन्हा केला काय?

रंकाळ्याचा_वारा:
परवा इथं बावडा_बॅकएंड सरांनी लिहिलं की जो डेव्हलपर बॅकएंडमधून, म्हणजे सर्व्हरच्या कोडमधून, डॉकरचा कंटेनर (प्रोग्राम बाकीच्या मशीनपासून वेगळा ठेवून चालवायचा डबा) चालू-बंद करतो त्याचा प्रॉडक्शनचा (चालू सिस्टिमचा) ॲक्सेस काढून घ्यावा, डॉकर.सॉक (डॉकरला हुकूम द्यायचं सॉकेट) माउंट करणं (ॲपला जोडून देणं) म्हणजे तिजोरीची किल्ली दारात टांगणं, आणि ज्याला हे लागतं त्यानं गपगुमान कुबरनेटीस (अनेक मशीनवरचे कंटेनर सांभाळणारी सिस्टिम) शिकावं. दोन दिवस डोक्यात तेच फिरतंय म्हणून लिहितो.

मी तीन वर्षं एका इंजिनिअरिंग कॉलेजसाठी प्रॅक्टिकल तपासायचं सॉफ्टवेअर चालवतोय. पोरगं सी नाहीतर पायथनचा प्रोग्राम टाकतं, सर्व्हर त्याच्यासाठी एक कंटेनर उघडतो, आत कंपाइल करतो, टेस्ट केस चालवतो, आउटपुट घेतो आणि कंटेनर मोडतो. परीक्षेला दोनशे पोरं बसतात. हे कोडमधून करायचं नाही तर मी काय टर्मिनलसमोर बसून दोनशे वेळा डॉकर रन मारत बसू? आणि डॉकरची कमांड तरी वेगळं काय करते, तीपण त्याच सॉकेटवर एचटीटीपी रिक्वेस्टच पाठवते. क्रिएट, स्टार्ट, वेट, लॉग्ज, डिलीट. तेच मी नोडमधून (जावास्क्रिप्टमधून) डॉकरोड ही लायब्ररी वापरून करतो.

सुरुवातीला मी पण नोडच्या एक्झेकमध्ये (कमांड चालवणाऱ्या फंक्शनमध्ये) कमांडची स्ट्रिंग जोडून चालवत होतो. टाइमआउट पाच सेकंद दिलेला. एका पोरानं व्हाइल वन (कधीच न संपणारं लूप) लिहिलं, पाच सेकंदांनी नोडनं सिगटर्म (थांब म्हणून सांगणारा सिग्नल) पाठवला, आमच्या स्क्रीनवर ‘वेळ संपली’ आलं, मी खूश. सकाळी बघतो तर सर्व्हरचा लोड चाळीसच्या वर, कारण मेलेली ती फक्त कमांड, आतले कंटेनर रात्रभर फिरतच होते. आतला प्रोग्राम पीआयडी एक (कंटेनरमधली पहिली प्रोसेस) असतो, त्यानं स्वतः सिगटर्म हाताळला नसेल तर कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) तो त्याच्यापर्यंत पोचूच देत नाही. त्या दिवसापासून कंटेनरचा आयडी हातात ठेवतो आणि वेळ संपली की थेट त्यालाच किल करतो. हे पाप असेल तर मी रोज करतोय.

बावडा_बॅकएंड:
नाव घेऊन लिहिलंत ते बरं केलंत. मी मागं हटणार नाही. तुमचा वेब सर्व्हर पोरांच्या रिक्वेस्ट घेतो आणि त्याच प्रोसेसकडे सॉकेट आहे, बरोबर? मग उद्या तुमच्या एखाद्या एनपीएम पॅकेजमध्ये (नोडच्या तयार लायब्ररीत) भोक निघालं तर तुमचं ॲपच नाही, अख्खं मशीन गेलं. सॉकेट ज्याच्याकडे तो रूट, म्हणजे मशीनचा मालक. यजमान मशीनचा मुळापासूनचा फोल्डर बाइंड करून (आत जोडून) नवा कंटेनर उघडायला एक रिक्वेस्ट पुरते. डॉकर ग्रुपमध्ये युजर घालणं म्हणजे त्याला रूट देणं हे त्यांच्या स्वतःच्या डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलंय, मी घरात बसून शोधलेलं नाही.

मी का चिडतो ते सांगतो. एका क्लायंटच्या मशीनवर कुणीतरी ‘बिल्ड सर्व्हरला जोडायला सोपं पडतं’ म्हणून डॉकरचा २३७५ पोर्ट सगळ्या जगाला उघडून ठेवलेला, टीएलएस (एन्क्रिप्शन) नाही, काही नाही. शनिवारी रात्री फोन आला की ईआरपी (कंपनीच्या कारभाराचं सॉफ्टवेअर) चालत नाही. बघतो तर सीपीयू शंभर टक्के आणि आमची नसलेली एक इमेज (कंटेनरचा साचा) आत बसून क्रिप्टो खोदत होती. दोन दिवस घरी गेलो नाही, पोरीचा वाढदिवस होता. तेव्हापासून कुणी ‘कोडमधून डॉकर’ म्हटलं की मला ती रात्र आठवते.

उद्यमनगर_टर्नर:
मी सॉकेट माउंट करताना रीड ओन्ली (आरओ, फक्त वाचायला) करतो, मग काय भीती न्हाई.

बावडा_बॅकएंड:
@उद्यमनगर_टर्नर दादा, तेच तर धोक्याचं आहे. त्या आरओनं फक्त सॉकेटची फाइल पुसता येत नाही. तिच्याशी जोडून काहीही मागता येतं, कंटेनर बनवता येतो, काढता येतो. आजच काढा ते डोक्यातनं.

उद्यमनगर_टर्नर:
आयला, दोन वर्षं तसंच चाललंय आमच्यात. उद्या सकाळी पहिलं तेच बघतो.

पेठेतली_पोर:
मी क्लासमध्ये बॅकएंड शिकवतो, म्हणून दोन्ही बाजू बघितल्यात. वारा भाऊंचा मुद्दा बरोबर आहे पण त्यांनी अवघड गोष्टी सांगितल्याच नाहीत. माझ्या पोरांनी असलाच जज (प्रोग्राम तपासणारं सॉफ्टवेअर) बनवला. प्रोग्राम बरोबर, आउटपुट बरोबर दिसतंय, आणि जज म्हणतोय चूक. तीन तास गेले. शेवटी आउटपुटचे बाइट एकेक करून छापले तर प्रत्येक तुकड्याच्या पुढं आठ बाइट जास्तीचे. टीटीवाय (टर्मिनलची नक्कल) बंद असली की डॉकरचा एपीआय (कोडमधून बोलायची वाट) स्टँडर्ड आउटपुट आणि एरर एकाच प्रवाहात देतो आणि पुढं आठ बाइटचं हेडर लावतो, पहिला बाइट कुठला प्रवाह ते सांगतो आणि शेवटचे चार लांबी. ते सोडवून घ्यावं लागतं. एका पोरानं शक्कल लढवली, टीटीवायच चालू केली, हेडर गेलं पण प्रत्येक ओळीच्या शेवटी कॅरेज रिटर्न (एक न दिसणारं अक्षर) येऊन बसलं आणि परत जज चूक म्हणाला.

आणि मेमरी! मी फळ्यावर मर्यादा १२८ (एमबी) लिहिलो, पोरांनी तसंच १२८ टाकलं. एपीआयला बाइट लागतात. डेमन (मागं चालणारा डॉकर) म्हणाला किमान सहा एमबी तरी द्या. १३४२१७७२८ लिहिल्यावर चाललं.

रंकाळ्याचा_वारा:
@पेठेतली_पोर ताई, हेडरवर माझे पण दोन दिवस गेलेत, डॉकरोडमध्ये डीमक्सस्ट्रीम (प्रवाह वेगळे करणारं फंक्शन) आहे ते नंतर कळलं. आणखी एक राहिलं. ऑटोरिमूव्ह लावू नका. प्रोग्राम संपला की कंटेनर लगेच गायब होतो, तुम्ही इन्स्पेक्ट करायला (त्याची माहिती बघायला) जाता आणि ४०४ (सापडत नाही) येतं. आणि इन्स्पेक्ट लागतंच, कारण वेळ संपली म्हणून मी मारला तरी एक्झिट कोड १३७ आणि मेमरी संपली म्हणून कर्नलनं मारला तरी १३७. ओओएम-किल्डचा (मेमरी संपून मेला असं सांगणारा) झेंडा बघितल्याशिवाय पोराला नक्की काय सांगणार? माझ्याकडे एक पोरगी आठवडाभर लूप कमी करत बसली होती आणि तिची ॲरे दहा कोटींची होती. चूक माझ्या मेसेजची होती.

बावडा_बॅकएंड:
हे सगळं बरोबर आहे, पण मूळ प्रश्न टाळताय. सॉकेट वेब प्रोसेसकडे आहे की नाही? होय की नाही सांगा.

शिरोली_नाका:
मी पुण्यात एका कंपनीत प्लॅटफॉर्म टीमला आहे. तिकडं हा वादच होत नाही. कुबरनेटीसला जॉब (एकदा चालून संपणारं काम) द्या, ॲक्टिव्ह डेडलाइन (जास्तीत जास्त वेळ) सेकंदात लिहा, संपल्यावर किती वेळानं साफ करायचं ते लिहा, विषय संपला. कोल्हापुरात अजून एका व्हीपीएसवर (भाड्याच्या व्हर्च्युअल सर्व्हरवर) सगळं कोंबायची सवय आहे म्हणून असले प्रश्न पडतात.

उद्यमनगर_टर्नर:
झालं, आलं पुणं. भावा, तू शिरोलीचं नाव लावतोस आणि कोल्हापूरला नावं ठेवतोस? आमच्या फौंड्रीवाल्या क्लायंटचं वर्षाचं बजेट तुझ्या क्लस्टरच्या (एकत्र जोडलेल्या मशीनच्या) तीन महिन्यांच्या बिलात संपतंय. त्यास्नी एक मशीन लागतं, ते रात्री दोनला बंद पडलं तर सकाळी सहाच्या शिफ्टच्या आधी उठून चालू करणारा माणूस लागतो. तो माणूस हितं हाय, हिंजवडीत न्हाई.

शिरोली_नाका:
मी नावं ठेवली नाहीत, वस्तुस्थिती सांगितली. माझ्या बॅचचे साठातले पन्नास जण बाहेर आहेत. का गेले? कारण इथं दहा हजारांवर सुरुवात करून तीन वर्षांनी अठरा देतात आणि वर म्हणतात आम्ही शिकवतोय.

पेठेतली_पोर:
पगाराचं बोललास ते खोटं नाही. पण वापस येऊन इथं बसून काम करणारे पण आहेत, त्यांची गणतीच कुणी करत नाही. मी पाच वर्षं बाणेरला होतो. आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा आलो, परत गेलो नाही. आता माझे दोन विद्यार्थी परदेशी कंपनीचं काम राजारामपुरीत बसून करतात.

उद्यमनगर_टर्नर:
आणि २०१९ चा पूर विसरलास काय? पंचगंगा धोक्याच्या ४३ फुटांच्या किती वर गेलती ते आठव. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली, पुण्याची वाट तुटलेली. आमचा सर्व्हर शाहूपुरीत तळमजल्यावर, पाणी पायरीला लागल्यावर मी आणि मालक दोघांनी मशीन खांद्यावर घेऊन दुसरा मजला गाठला. पॉवर सप्लाय भिजला व्हता. डेटाची हार्डडिस्क काढून माझ्या लॅपटॉपला लावली, कम्पोजची (सगळे कंटेनर एकदम उभे करायची) फाइल होतीच, दीड तासात बिलिंग उभं केलं, तेपण इन्व्हर्टरवर. क्लस्टर कुठं उभा करत बसलो असतो?

शिरोली_नाका:
हे ऐकून खरंच भारी वाटलं दादा. माझं घर पण त्या वेळी आठ दिवस जगापासून तुटलेलं, मी तिकडं अडकलेलो आणि आई-बाबा गच्चीवर. त्या दिवसांचं बोलायला मला जमत नाही. तरी एक सांगतो, त्या तळमजल्यावर सर्व्हर ठेवणं हीच मुळात चूक होती, आणि २०२१ ला परत तेच झालं असेल.

उद्यमनगर_टर्नर:
२०२१ ला सर्व्हर तिसऱ्या मजल्यावर व्हता. शिकलो आम्ही. तेवढं ध्यानात ठेव.

बावडा_बॅकएंड:
पूर, पगार, पुणं सगळं झालं. वारा, उत्तर द्या.

रंकाळ्याचा_वारा:
देतो. पहिल्या वर्षी होय, वेब प्रोसेसकडेच होतं. तुमची पोस्ट वाचून राग आला त्याचं एक कारण तेच, की त्या वर्षापुरते तुम्ही बरोबर आहात. आता तसं नाही. वेब सर्व्हर फक्त रांगेत एक नोंद टाकतो, कोड आणि भाषा, बस. वेगळ्या युजरवर चालणारा एक छोटा वर्कर (रांगेतली कामं उरकणारा प्रोग्राम) आहे, सॉकेट फक्त त्याच्याकडे, आणि तो बाहेरून एकही पोर्ट ऐकत नाही. इमेजचं नाव वर्करच्या कोडमध्ये पक्कं लिहिलंय, भाषा सी किंवा पायथन यातली नसली की नोंद फेकून देतो. नेटवर्क नन (बंद), रूट फाइलसिस्टम रीड ओन्ली, सगळ्या कॅपॅबिलिटी (रूटचे खास अधिकार) काढलेल्या, पीआयडीची (प्रोसेसच्या संख्येची) मर्यादा ६४. ती मर्यादा लावली नव्हती तेव्हा एका पोरानं फोर्क बॉम्ब (स्वतःच्या प्रती वाढवत जाणारा प्रोग्राम) टाकला आणि परीक्षा अर्धा तास थांबली, तो पोरगा नंतर रडत आला, त्याला वाटलं आपल्याला काढून टाकतात. त्याच्या धाडसानं माझं एक भोक बुजलं, मी त्याला चहा पाजला. प्रत्येक कंटेनरला लेबल लावतो आणि वर्कर उठला की त्या लेबलचे जुने उरलेले आधी झाडून काढतो.

बावडा_बॅकएंड:
हे आधी लिहिलं असतंत तर मी तेवढा तापलो नसतो. वर्कर वेगळा, इमेज पक्की, हे मला मान्य. पण ‘मान्य’ म्हणजे सगळं नाही. कंटेनरचा आणि मशीनचा कर्नल तोच आहे. २०१९ मध्ये रनसीमध्येच (डॉकर ज्यानं कंटेनर चालवतो त्या प्रोग्राममध्येच) भोक निघालं होतं, सीव्हीई-२०१९-५७३६, आतला रूट बाहेरची बायनरी बदलू शकत होता. तुमच्याकडे दोनशे अनोळखी पोरांचा कोड चालतो. आतला युजर रूट आहे की नाही?

रंकाळ्याचा_वारा:
...आहे. कंपाइल करताना फोल्डरच्या परवानग्यांचा त्रास व्हायचा म्हणून ठेवला होता.

बावडा_बॅकएंड:
मग तेच आज रात्री बदला. आणि रूटलेस मोड (डॉकरच रूटशिवाय चालवणं) बघा, डॉकर २०.१० पासून तो प्रायोगिक राहिलेला नाही. फक्त सीग्रुप व्ही-टू (कर्नलची मर्यादा लावायची सोय) लागतं, नाहीतर मेमरीच्या मर्यादा लागूच होणार नाहीत आणि तुम्हाला वाटेल लागल्यात.

पेठेतली_पोर:
मध्ये सॉकेट प्रॉक्सी (रिक्वेस्ट गाळून पुढं सोडणारा प्रोग्राम) टाकली तर? मी पोरांना तेच सांगतो.

रंकाळ्याचा_वारा:
@पेठेतली_पोर ताई, साधी प्रॉक्सी यूआरएल बघून अडवते, रिक्वेस्टच्या पोटात काय आहे ते बघत नाही. क्रिएट उघडं ठेवलं की प्रिव्हिलेज्ड (सगळे अधिकार असलेला) कंटेनरपण त्याच वाटेनं जातो. फक्त यादी वाचायची असेल तर ठीक, माझ्या कामाला पुरत नाही.

शिरोली_नाका:
एवढ्या गोष्टी हातानं लिहिताय म्हणजे छोटं कुबरनेटीसच बांधताय ना. तरी कबूल करतो, दोनशे पोरं आणि एका मशीनला पॉड (कुबरनेटीसमध्ये कंटेनर ज्यात चालतो ते) उठायची सेकंदं मोजत बसणं परवडणार नाही.

उद्यमनगर_टर्नर:
पुण्याच्या माणसानं कबूल केलं, हे पहिल्यांदाच बघालोय. गावाकडं आलास की ये, उद्यमनगरात मिसळ खाऊ.

रंकाळ्याचा_वारा:
@बावडा_बॅकएंड सर, इमेजमध्ये युजर १००० केला. कंपाइल रडलं कारण टीएमपीएफएस (मेमरीतलं तात्पुरतं फोल्डर) रूटच्या मालकीचं तयार होत होतं. माउंटच्या ऑप्शनमध्ये यूआयडी (युजरचा नंबर) दिल्यावर चाललं. जुन्या परीक्षेचे सगळे प्रोग्राम रांगेत परत टाकलेत, सकाळपर्यंत निकाल जुळतात का बघतो.

बावडा_बॅकएंड:
निकाल इथंच टाका. मी जागा आहे.